वह्या बदला

इतिहासाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं आणि समोरचे तज्ज्ञ मार्गदर्शक आम्हाला काय शिकवायचं नाही ते शिकवत होते. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. नाशिकरोडच्या एका शाळेचा हॉल, कुरकुरणारे पंखे, आणि फळ्यावर दोन महायुद्धांच्या मधल्या काळाचं प्रकरण. "पहिल्या युद्धानंतर देशांनी मिळून एक संघ काढला, तो अपयशी ठरला, दुसरं युद्ध झालं," सर म्हणाले. "अपयशाची कारणं हमखास येतात, ती मुलांकडून घोटून घ्या. शिक्षण, विज्ञान, कला, संस्कृती यांत देशांनी एकमेकांना काय सहकार्य केलं तो छोटा परिच्छेद ऑप्शनला टाका. तो कधी विचारत नाहीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं तिथेच फिरलं. माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात, ते खरं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "म्हणजे सर, माणसं भांडली ते सगळं पाठ करायचं आणि शहाण्यासारखी वागली तेवढं ऑप्शनला?" हॉलमध्ये हशा झाला. सर म्हणाले, "मॅडम, चहाच्या सुटीत बोलू." चहाच्या सुटीत ते माझ्याकडे फिरकलेही नाहीत.

फिरकल्या त्या माझ्या शेजारच्या बाई. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका उर्दू शाळेत त्या इतिहास आणि मराठी शिकवत. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आवाज खणखणीत. हातात दोन कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सवाल बराबर होता मॅडम. जवाब चहात बुडाला." त्यांची मुलं त्यांना आपा म्हणत. दुसऱ्या दिवसापासून मीही आपाच म्हणू लागले.

त्या परिच्छेदात होतं तरी काय, म्हणून मी गावातल्या जुन्या वाचनालयात जाऊन एक इंग्रजी पुस्तक काढलं. त्यातलं वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. ज्या देशांनी एकमेकांच्या पोरांवर विषारी वायू सोडला होता, त्याच देशांचे प्राध्यापक, शास्त्रज्ञ, लेखक एका टेबलाभोवती बसत होते. आपल्याकडचे एक शास्त्रज्ञसुद्धा त्यांच्यात होते. एका देशाच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या देशात शिकायला कसं जायचं, पुस्तकांची भाषांतरं कशी करायची, संग्रहालयांनी एकमेकांना मदत कशी करायची, असल्या गोष्टींवर ते तासन्‌तास बोलत. आणि त्यांनी एक भलताच धाडसी उद्योग काढला होता. एका देशाच्या शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या देशाविषयी काही खोटं किंवा विखारी लिहिलेलं असेल, तर त्या दुसऱ्या देशानं ते नम्रपणे दाखवून द्यायचं आणि पहिल्यानं ते सुधारण्याचा विचार करायचा. सक्ती नव्हती. फारसं कोणी ऐकलं नाही, हेही खरं. पुढं युद्ध व्हायचं ते झालंच. पण पुढं आग लागलीच, म्हणून आधी विहीर खणायला निघालेला माणूस मूर्ख ठरतो का? मला तर त्या टेबलाभोवतीच्या माणसांचा अभिमान वाटला, आणि त्यांना कुणी 'अपयशी' म्हटलं की आजही माझं भांडण होतं.

नववीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मुलांचे चेहरे कोरे होते. समिती, सहकार्य, देवाणघेवाण, या शब्दांवर मुलं झोपतात. मग मला सुचलं. मराठी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला एक हुकूम ठाऊक असतो. शुद्धलेखन घालून झालं की बाई म्हणतात, "वह्या बदला." आपली वही शेजाऱ्याकडे जाते, त्याची आपल्याकडे येते, आणि मग लाल पेन काढून तपासायचं. मी म्हटलं, "काही नाही रे, देशांनी वह्या बदलल्या." एका क्षणात वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, मग आपण कोणाशी बदलायच्या?"

त्या दिवशी संध्याकाळी मी आपांना फोन केला.

आमचं ठरलं ते साधं होतं. दोन्ही शाळांच्या नववीच्या मुलांनी 'माझं शहर' या विषयावर एक पान लिहायचं. पानं बदलायची. दुसऱ्यानं आपल्याविषयी लिहिलेलं कुठं खुपलं, ते दाखवायचं. आमच्या मुलांना उर्दू वाचता येत नव्हतं, त्यामुळे आपांच्या मुलांनीही मराठीतच लिहायचं. "बघ," आपा म्हणाल्या, "खेळ सुरू व्हायच्या आधीच हमारे बच्चों को डबल मेहनत. चालेल, पण तू हे विसरू नको." हेडसरांना विचारलं तर ते म्हणाले, "करा, पण पोर्शन मागे पडू देऊ नका." तोंडी म्हणाले. ते तोंडी होतं हे पुढं महत्त्वाचं ठरणार होतं.

पहिल्या खेपेला आमची शोभा झाली. मी पानांचा गठ्ठा स्कूटीवर ठेवून द्वारकेच्या त्या भयंकर ट्रॅफिकमधून नेला आणि आणला, आणि वर्गात वाटून टाकला. मुलांनी सवयीनं लाल पेनं काढली. मी कौतुकानं बघत बसले, काय मन लावून वाचताहेत म्हणून. मन लावून त्यांनी केलं काय, तर ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. 'गोदावरि' खाली रेघ, 'मशीदित' वर गोल, खाली दहापैकी गुण. एका हुशार पोरीनं तर 'अक्षर सुधारा' असा शेरा मारून खाली झोकात सही ठोकली होती. ज्या मुलांनी आमच्या सोयीसाठी परक्या लिपीत लिहिलं, त्यांना आम्ही शुद्धलेखनात नापास करून पाठवलं. आणि आपांची मुलं? त्यांनी पाहुण्यांसमोर वागावं तसं सगळ्यांना 'खूप छान' लिहून नऊ-नऊ गुण दिले होते.

आपांचा फोन आला. "कुठं दुखतं ते विचारलं होतं मॅडम. यांनी तर दुखवून पाठवलं." पण त्या हसत होत्या. मीही मग हसले. वह्या बदलणं म्हणजे चुका काढणं, हे आम्हीच त्यांच्या बोटांत भरवलेलं. मुलांचा काय दोष?

दुसऱ्या खेपेला मी लाल पेनं जप्त केली. फक्त पेन्सिल. जिथं मनाला टोचेल तिथंच रेघ, आणि का टोचलं ते एका ओळीत. खोडरबर चालेल. गुण नाहीत, शेरा नाही, सही तर अजिबात नाही.

आणि मग जे सुरू झालं ते वाचताना मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत होते आणि डोळेही पुसत होते. आमच्या एकानं लिहिलं होतं, 'शत्रूंनी आपल्या शहराचं नाव बदलून गुलशनाबाद केलं.' त्याखाली रेघ, आणि पेन्सिलीनं: 'याचा अर्थ बागांचं गाव. माझे नाना अजून हेच म्हणतात. ते शत्रू नाहीत, शिंपी आहेत.' आमच्या दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'द्वारकेच्या पलीकडच्या गल्ल्यांमध्ये रात्री जाऊ नये.' त्याखाली: 'मी तिथेच राहते. मीपण रात्री जात नाही. कुत्री फार आहेत.' आमच्या मुलांनीही रेघा मारल्या. 'कुंभमेळ्यात फक्त गर्दी आणि घाण होते' याखाली आमच्या एकाची ओळ होती, 'माझी आजी दोन वर्षं आधीपासून वाट बघते.' त्यावर नंतर आपांच्या शाळेतून उत्तर आलं, 'सॉरी. आजीला सांग.'

आणि एक पान होतं आपांच्या शाळेतल्या एका मुलीचं. तिनं लिहिलं होतं, 'माझे अब्बा नाशिकरोडला कामाला जातात. तिथे त्यांना भाड्याने खोली मिळत नाही. नाव विचारतात आणि मग खोली रिकामी नाही म्हणतात.' हे पान आमच्या वर्गातल्या दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडे गेलं होतं. अबोल मुलगी, कधी स्वतःहून हात वर न करणारी. तिनं त्या वाक्याखाली रेघ मारून आधी लिहिलं होतं, 'असं काही नाही.' ते खोडलं होतं, पण दाबून लिहिलेलं असल्यामुळे दिसत होतं. त्यावर पुन्हा लिहिलं होतं, 'घरी बाबांना विचारलं. आमच्याही खोल्या आहेत. आम्ही देत नाही.' खाली तिचं नाव आणि आडनाव.

मी ते पान किती वेळ हातात धरून बसले होते मला आठवत नाही. त्या टेबलाभोवतीच्या मोठमोठ्या माणसांना जे देशांकडून जमवता आलं नाही, ते एका चौदा वर्षांच्या मुलीनं घरात एक प्रश्न विचारून जमवलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. गठ्ठा आपांकडे गेला आणि त्यांनी ज्याचं पान त्याला देऊन टाकलं.

त्या मुलीचे वडील आमच्या संस्थेचे संचालक होते. मला ते ठाऊक होतं. त्यानं काही फरक पडायला हवा, असं मला वाटलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये माझ्या मागून कोणीतरी ते पान वाचलं होतं. आठवडाभरात गोष्ट संचालकांपर्यंत पोचली. त्या वर्षी सगळीकडे हवा तापलेली होती, वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी असे दिवस. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक टाईप केलेला कागद सरकवला. खुलासा. माझा खुलासा, पण क्लार्कनं आधीच तयार करून ठेवलेला. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे सादर करते की, सदर वाक्य विद्यार्थिनीचे नसून मी स्वतः तिच्याकडून लिहून घेतले आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीसाठी टिंबं.

"मी नाही लिहून घेतलं सर," मी म्हटलं.

"मला माहीत आहे हो," हेडसर थकून म्हणाले. "दोन ओळी आहेत. सही करा, विषय संपतो. तुमचं तिसरं वर्ष चाललंय, मी विसरलेलो नाही."

मीही विसरले नव्हते. मी शिक्षणसेवक होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, आणि तीन वर्षांनी संस्थेनं 'समाधानकारक' म्हटलं तर कायम व्हायचं, नाहीतर घरी. माझा प्रस्ताव त्याच उन्हाळ्यात जायचा होता. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात माझी नोकरी होती आणि दुसऱ्यात एका मुलीची एक ओळ. मी सही केली की ती मुलगी खोटी ठरणार होती. बाईंनी सांगितलं ते लिहिणारी, एवढीच तिची किंमत उरणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून काही म्हटलं होतं, आणि ते मी माझ्या नावावर करून घ्यायचं होतं.

घरी वडिलांना सांगितलं. ते कळवणकडच्या खेड्यातून येऊन नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. "सही करून टाक," ते म्हणाले. "एका कागदानं काय व्हतं?"

"खोटं आहे ते, दादा."

"आम्ही रोज सुट्टीला दोन्ही हात वर करून झडती दिली. चोर नव्हतो, तरी दिली. तवा तू शिकली. लय मान-अपमान करून चालत नाय नोकरीत."

मला वाईट वाटलं, कारण ते बोलले ते खरं होतं आणि मी त्याच नोकरीवर वाढले होते. पण मी म्हटलं, "तुमच्या खिशात काही नसायचं, म्हणून तुम्हाला हात वर करता यायचे. मी सही केली तर माझ्या खिशात त्या पोरीची वस्तू असेल." दादा उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले, सकाळी एकदा घातलेलं असूनही.

आपांना फोन केला तर त्या भडकल्याच. "ते पान मागताहेत का? मी नाही मागणार वापस. बच्ची घरी घेऊन गेली, तिच्या अब्बांनी वाचलं. काय म्हणाले माहितेय? म्हणाले, चला, कोणीतरी कबूल तर केलं. आता मी जाऊन सांगू का, की ते कबूल केलेलं कॅन्सल?" मी म्हटलं, नका सांगू.

बैठक हेडसरांच्या केबिनमध्येच झाली. हेडसर, ते संचालक आणि संस्थेचे आणखी दोघं. माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली नव्हती. मी शेजारच्या वर्गातून एक ओढून आणली आणि बसले.

"माझ्या मुलीला काय शिकवलंत तुम्ही?" संचालकांनी विचारलं.

"इतिहास."

"घरातल्या गोष्टी बाहेर लिहायच्या, हा इतिहास? माझं आडनाव आहे त्या कागदावर."

"तिचंही तेच आहे."

दोघांपैकी एकजण खाकरला. हेडसर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तोंडी दिलेली परवानगी त्यांना आठवत नव्हती, आणि मी ती आठवूनही देणार नव्हते. उपक्रम माझा होता, तो मी कुणाच्या पदराआड लपवणार नव्हते.

"विषय वाढवू नका," संचालक म्हणाले. "ती लहान आहे. तिला काय कळतं? ते वाक्य तुमचं आहे, एवढं लिहून द्या. आम्ही मोठ्या मनानं मिटवून टाकू."

मोठ्या मनानं, हे ऐकलं आणि माझा ताबा सुटला. पण आश्चर्य म्हणजे माझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, "साहेब, तिनं आधी काय लिहिलं होतं, तुम्हाला माहीत नसेल. 'असं काही नाही,' असं लिहिलं होतं. तुमच्या बाजूनं लिहिलं होतं. मग तिनं घरी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही 'नाही गं, असं काही नाही' म्हणाला असता, तर तेच राहिलं असतं. तुम्ही तिला खरं सांगितलंत. इतक्या घरांतल्या इतक्या बापांमधून तुम्ही एकट्यानं खरं सांगितलंत. ते तुमचं आहे आणि तिचं आहे. माझ्या नावावर कशाला लावता?"

मला क्षणभर वाटलं की हा माणूस आता काहीतरी चांगलं बोलेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कागद घ्या सर," ते हेडसरांना म्हणाले, "आणि बाईंची सही घ्या."

मी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'हे वाक्य विद्यार्थिनीचे आहे. ते खरे आहे. मला दिलगिरी वाटत नाही.' मग झोकात सही केली.

उन्हाळ्यात आदेश आला. सेवा समाधानकारक नसल्यामुळे कायम करता येत नाही. मला धक्का बसला नाही, पण रडू आलं. ज्यांना असल्या वेळी रडू येत नाही ते कसे असतात मला माहीत नाही. पुढं मी क्लास काढला, पोट भरलं, कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. लोक म्हणतात, काय मिळालं? त्या टेबलाभोवतीच्या माणसांनाही हेच विचारतात. मी म्हणते, तुम्ही सही केली असतीत ना, मग तुम्हाला काय मिळालं ते आधी सांगा.

शाळेतला माझा शेवटचा दिवस म्हणजे नववीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर. दादा माझी पुस्तकं न्यायला रिक्षा घेऊन आले होते. सांगितलं नव्हतं, आपणहून आले होते, आणि गेटवर वॉचमनशी बोलत उभे होते. मी पिशव्या घेऊन जिना उतरत होते तेव्हा ती मुलगी वर येत होती. हातात पॅड, पट्टी, कंपास. ती थांबली. आजूबाजूला कोणी नाही बघून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, बाबा म्हणतात ती ओळ खोडून ये. पेन्सिलीचीच आहे म्हणतात. ते पान कुठे आहे?"

"ज्या मुलीचं होतं तिच्या घरी," मी म्हटलं. "आपांनी सगळ्यांना देऊन टाकली पानं."

"मग आता खोडता येणार नाही?"

"नाही."

तिनं पॅड छातीशी घट्ट धरलं. "मग बरं झालं," ती म्हणाली, आणि घंटा झाली म्हणून पेपरला पळाली.